आठपैकी दोन बोल्ट

क्रेनच्या साखळीला बंबाची टाकी लोंबकळत होती आणि दस्तगीरभाई खाली उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत होते.

"खाली घ्या. अजून. अजून एक बोट. बस!"

टाकी नव्या चासीवर टेकली. मध्ये घातलेल्या लाकडी पट्ट्या करकरल्या. दस्तगीरभाई उठले, टाकीभोवती एक फेरी मारून आले आणि हात पुसत मला म्हणाले, "साहेब, आता ही बसली असं समजू नका. नुसती ठेवलीय. टेबलावर तांब्या ठेवतो तशी."

"आणि बसेल कधी?"

"आठ बोल्ट पडतील तेव्हा. आज दोन टाकतो, बाकीचे सहा अजून घडवून यायचेत. उद्या घेऊन जा."

ही २००६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. द्राक्षपट्ट्यातल्या एका लहान नगरपालिकेत मी अग्निशमन विभागाचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे काय, तर माझ्या हाताखाली सहा माणसं आणि एक बंब. त्या बंबाची चासी मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ तडकली होती. दोनदा वेल्डिंग करून झालं, तिसऱ्यांदा वेल्डरनंच हात जोडले. वर्षभर कागद पाठवल्यावर वरून नवी गाडी मंजूर झाली, पण नुसती चासी. म्हणजे इंजिन, केबिन आणि मागे दोन लांब उघडे लोखंडी पट्टे. टाकी, पंप आणि शिड्या चांगल्या आहेत, त्या जुन्याच बसवून घ्याव्यात, असा आदेश.

गावात हे काम करणारा माणूस एकच. बायपासला दस्तगीर मुल्लांचं गॅरेज होतं. उसाचे ट्रक, द्राक्षाचे टेम्पो, सगळ्यांच्या बॉड्या तेच बांधायचे. साठीला आलेला माणूस. जुनी टाकी उतरवल्यावर त्यांनी टेप लावला आणि मान हलवली. नव्या चासीची रुंदी जुनीपेक्षा चार बोटं कमी होती. टाकीची जुनी बैठक पट्ट्यांच्या बाहेर लटकत होती. म्हणजे नवी बैठक करणं आलं, चार दिवसांचं काम अकरा दिवसांवर गेलं.

ते अकरा दिवस मी धड झोपलो नाही. गावाला बंब नाही हे गावात कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या तालुक्याला पत्र दिलं होतं, की या काळात काही झालं तर तुमची गाडी पाठवा. रोज दुपारी मी गॅरेजवर जाऊन बसायचो. काही करायचं नसायचं. नुसतं बघत राहायचं. आमचा ड्रायव्हर निवृत्ती कोळेकर माझ्या आधीच तिथं आलेला असायचा. वीस वर्षं त्यानंच तो बंब चालवला होता. चासीला हात लावून तो म्हणायचा, "सायेब, ही पोरगी अजून आपल्याला वळखत न्हाई."

त्या दिवशी, म्हणजे दहाव्या दिवशी, दोन बोल्ट पडले. पुढच्या बाजूचा एक, मागच्या बाजूचा एक. पंपाचा शाफ्ट सकाळीच जोडून बघितला होता, पंप फिरत होता. दस्तगीरभाई हात धुऊन जेवायला बसणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या ऑफिसमधून मोहिते बोलत होता.

"साहेब, खोक्यांचा कारखाना पेटलाय."

आमच्या गावापासून सात किलोमीटरवर द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक कारखाना होता. हंगामाचे दिवस, आत पुठ्ठ्याचे ढीग छतापर्यंत लागलेले, आणि कामाला पन्नास-साठ बाया.

"शेजारच्यांना फोन लाव," मी म्हणालो.

"लावला साहेब. गाडी निघतीय म्हणाले. पण तास तरी लागंल."

मी फोन खाली केला. निवृत्तीनं माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असावं. तो उठून उभा राहिला होता.

"कुठं?"

"खोक्याचा कारखाना."

तो काही न बोलता केबिनमध्ये चढला आणि त्यानं इंजिन चालू केलं. नवं इंजिन, एका झटक्यात लागलं. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "सायेब, बसा. रिकामीच नेऊ. कारखान्याच्या मागं हीर हाय, तिच्यात पाइप सोडू. पंप चालतोय की!"

दस्तगीरभाई ताटावरून उठून आले. हातात भाकरीचा तुकडा तसाच होता.

"निवृत्ती, खाली उतर. दोनच बोल्ट आहेत."

"रिकामी टाकी हाय भाई! हळू नेतो."

"रिकामी म्हणजे कापसाची आहे का? दीड टन लोखंड आहे. आज गुरुवार, बाजार भरलाय. बाजारातनंच जायचंय ना तुला? ब्रेक मारलास की ती केबिनवर येईल, वळलास की रस्त्यावर जाईल. खाली माणसं आहेत."

"हळू नेतो म्हणलं न्हवं!"

"आग लागल्यावर कुणी हळू नेतं का रे?"

निवृत्ती माझ्याकडे बघायला लागला. "सायेब, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं."

इंजिन चालू होतं. क्रेनवाला, दोन वेल्डर, सगळे थांबले होते. काय बोलावं ते सुचत नव्हतं, असं मी पुढं स्वतःला कित्येकदा सांगितलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाच सेकंद असतील, नाहीतर अर्धा मिनिट.

दस्तगीरभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, खिडकीतून हात आत घातला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"माझ्या गॅरेजमधनं ही गाडी अशी बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "मला काय म्हणायचंय ते म्हणा."

निवृत्तीनं खाली उडी मारली. मला वाटलं हा आता त्यांच्या अंगावर जातो. पण तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "मोटरसायकल काढ."

बाजारातून जाताना आम्हाला दहा मिनिटं लागली. बाजार संपला आणि समोर धूर दिसला. काळा नव्हता. पुठ्ठ्याचा धूर पिवळट असतो. निवृत्ती गाडी चालवता चालवता ओरडला, "सायेब, माझ्या भावाला फोन लावा! त्येला म्हणावं ब्लोअर आण!"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्या भागात प्रत्येक बागायतदाराकडे ट्रॅक्टरला जोडलेली फवारणीची यंत्रं असतात. मागे पाचशे लिटरची टाकी, पंप आणि लांब पाइपाची गन. बागेवर औषध मारायची. मी निवृत्तीच्या भावाला फोन लावला, त्यानं आणखी पाच जणांना लावले. आम्ही पोहोचल्यानंतर वीस मिनिटांत सहा ट्रॅक्टर आले. हातात काही नसताना सहा फवारणीची यंत्रं म्हणजे फार मोठी गोष्ट. आम्ही ती विहिरीवर भरत होतो, रांगेनं पुढं नेत होतो, गन मारत होतो, परत मागं. पाण्याला औषधाचा वास येत होता. निवृत्तीच्या भुवया जळाल्या. कारखान्याचं मुख्य गोदाम वाचायचं नव्हतंच. ते आमच्या डोळ्यांदेखत खाली बसलं. पण शेजारचं शेड वाचलं, आणि त्याच्या मागच्या कामगारांच्या वीस-बावीस झोपड्या वाचल्या.

शेजारच्या तालुक्याची गाडी एक तास दहा मिनिटांनी आली.

संध्याकाळी हजेरी घेतली तेव्हा एक बाई कमी भरली. गजाबाई खिलारे, पंचावन्न वर्षांची, खोक्यांना पिना मारायचं काम करायची. ती मागच्या थप्पीआड सापडली. अंगाला फारशी आग लागलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले धुरानंच गेली, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच गेली असावी. असावी, असं म्हणाले. नक्की कोण सांगणार?

तिचा जावई माझ्याजवळ आला. तरणाबांड माणूस, पण आवाज अगदी बारीक निघत होता. त्यानं एवढंच विचारलं, "सायेब, आपला बंब कुठाय?"

मी सांगितलं, दुरुस्तीला आहे. तो "बरं" म्हणाला आणि गेला. तो मला मारता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव तेच विचारायला लागलं. कुणीतरी गॅरेजमधली हकिकत बाहेर सांगितली होती. बंब तयार होता, इंजिन चालू होतं, आणि मिस्त्रीनं किल्ली काढून घेतली, असं सगळीकडे झालं. 'मिस्त्रीनं' हा शब्द फार दिवस टिकला नाही. लोक 'मुल्लानं' म्हणायला लागले. त्यानंतर त्या गोष्टीत जो रंग भरला गेला तो मी इथं सांगत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकारी देवस्थळी मॅडमनी मला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रं पडली होती, आणि त्याही दोन दिवस घरी गेल्या नसाव्यात.

"बोडके, मला वर अहवाल द्यायचाय. तुमचं लेखी निवेदन हवं. बंब इतके दिवस उभा का होता हे मी सांभाळून घेते, चासीची अडचण होती, कागद आहेत. पण गाडी चालू स्थितीत असताना नेली का नाही, याला उत्तर लागेल."

"गाडी चालू स्थितीत नव्हती मॅडम. दोनच बोल्ट—"

"ते मला सांगू नका. लिहा. गाडी न्यायचं तुम्ही सांगितलं होतंत का नव्हतं?"

मी टेबलावरच्या वर्तमानपत्रांकडे बघितलं.

"सांगितलं नसेल, तर प्रश्न तुमच्यावर येतो," त्या हळूच म्हणाल्या. "सांगितलं असेल आणि दुसऱ्या कुणी अडवलं असेल, तर तसं लिहा. मी तुम्हाला काही सुचवत नाहीये."

मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेननं तीन ओळी लिहिल्या. सदर वाहन दुरुस्तीस्थळी होते. वाहन तातडीने घटनास्थळी नेण्याची सूचना मी केली होती. तथापि, गॅरेजमालक दस्तगीर मुल्ला यांनी वाहनाची किल्ली काढून घेतल्याने वाहन नेता आले नाही.

साक्षीदार म्हणून निवृत्तीची सही लागत होती. त्याला बोलावलं. त्यानं कागद वाचला. तो सावकाश वाचायचा, ओठ हलवत. दुसऱ्या ओळीवर त्याचे ओठ थांबले. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे नाही, खिडकीकडे. मग त्यानं सही केली आणि "येऊ मी?" असं मॅडमना विचारून गेला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकत्र नोकरी केली. त्या सहा वर्षांत तो माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोलला नाही. आदरानं वागायचा. ते जास्त जड जायचं.

पुढं जे व्हायचं ते झालं. नगरपालिकेच्या कामांच्या यादीतून दस्तगीरभाईंचं नाव कापलं गेलं. एका रात्री कुणीतरी गॅरेजच्या शेडवर दगड मारले. बागायतदारांनी आपले टेम्पो दुसरीकडे न्यायला सुरुवात केली.

पण आमचा बंब त्यांनी पुरा केला. काम सोडून देता आलं असतं, त्यांनी दिलं नाही. ताब्यात घ्यायला मी गेलो तेव्हा गॅरेजमध्ये ते एकटेच होते. त्यांनी मला पाना दिला.

"आठही बोल्ट तुमच्या हातानं बघून घ्या. मग सही करा."

"गरज नाही दस्तगीरभाई. तुम्ही केलंय ते—"

"नको साहेब. बघून घ्या. उद्या काही झालं तर मुल्लाचं काम होतं म्हणतील."

मी चासीखाली शिरलो आणि एकेका बोल्टाला पाना लावून बघितला. एकही हलला नाही. बाहेर आलो तेव्हा घामानं निथळत होतो. त्यांच्याकडे न बघता सही केली. वर्ष-दीड वर्षात त्यांनी गॅरेज बंद केलं. मिरजेला मुलीकडे गेले असं ऐकलं.

मी निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मिरजेला गेलो. म्हणजे त्या आगीला नऊ वर्षं झाली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहे असं घरी सांगितलं होतं. तिथं औद्योगिक वसाहतीत चौकशी करत करत मी एका बॉडी बांधणाऱ्या मोठ्या गॅरेजपर्यंत पोहोचलो. दस्तगीरभाई तिथं दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होते. फार थकले होते. जाड भिंगाचा चष्मा, पाठीला बाक. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या साहेब. सपाट जागा बघून बसा."

मी एका उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसलो. काय बोलायचं ते मी बसमध्ये तीन-तीनदा म्हणून बघितलं होतं. पण समोर आल्यावर घराची चौकशी, मुलांची चौकशी असंच चाललं. शेवटी ते आपणहून म्हणाले, "निवृत्ती कसा आहे?"

"बरा आहे. नातू झाला त्याला."

"त्याचा राग आला नव्हता मला कधी. त्याचं बरोबर होतं. साहेब, एक सांगू? त्या दिवशी कदाचित गेली असती गाडी. रिकामी होती. निवृत्तीसारखा ड्रायव्हर. बाजाराच्या पलीकडनं फिरवून नेली असती, तर कदाचित पोचली असती."

मी ड्रमवर पुढं सरकून बसलो.

"मग तुम्ही किल्ली का काढलीत?"

"तुमच्याकडं बघून."

"माझ्याकडं?"

"तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. तुम्ही ना हो म्हणत होता, ना नाही म्हणत होता. पाय जमिनीला चिकटलेले. मला वाटलं, हा माणूस या गाडीत बसणार नाही, आणि बसणार नाही असं म्हणायचीही त्याला चोरी आहे. इतक्या माणसांसमोर तुम्हाला कसं म्हणता येणार? मग म्हटलं, आपणच नाही म्हणावं. आपल्याला कोण काय करणार आहे."

शेवटचं वाक्य ते अगदी साधेपणानं बोलले. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

मग मी त्यांना सांगितलं. नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी घाटात पाण्याचा एक टँकर अचानक ब्रेक मारून थांबला होता आणि मागची टाकी पट्ट्यांवरून घसरून केबिनवर आली होती. ड्रायव्हरला काढायला मी होतो. काय काढलं ते मला माहीत आहे. त्या दिवशी तुमच्या गॅरेजमध्ये निवृत्ती बसा म्हणाला तेव्हा मला तेच दिसत होतं. कामाच्या माणसानं भ्यायचं नसतं. मी भ्यालो. तुम्ही किल्ली काढलीत तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

ते ऐकत होते. मान हलवत होते.

"आणि अजून एक आहे, दस्तगीरभाई. मी जे लिहून दिलं, त्यात एक खोटं होतं. गाडी न्यायची सूचना मी केली, असं मी लिहिलं. मी केली नव्हती. मी काहीच बोललो नव्हतो. निवृत्ती बोलला. तुम्हाला हे सांगायला आलो. नऊ वर्षं झाली, आत राहत नव्हतं."

दस्तगीरभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"मला माहीत आहे साहेब," ते म्हणाले. "मी तिथंच उभा होतो ना."

मला एकदम कळेना आपण काय ऐकलं. नऊ वर्षं मी जे गुपित म्हणून जपलं होतं, ते त्यांच्यापासून गुपित नव्हतंच कधी. ते समोर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, म्हणजे मी काही बोललो नाही हेही ऐकलं होतं. पेपरात ते छापून आलं तेव्हा ते उठून कुणालाही सांगू शकले असते. त्या दिवशी गॅरेजमध्ये आणखी तीन माणसं होती, तीही साक्षीला आली असती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमची नोकरी गेली असती. माझं गॅरेज तसंही जाणारच होतं. एकदा लोकांच्या तोंडात नाव गेलं, की ते काय कागदानं परत येतं?" त्यांनी समोरच्या चासीकडे बघितलं. "दोघांचं कशाला घालवायचं."

मला माफी मागायची होती. शब्द जुळवूनही आणले होते. पण ते म्हणायची वेळ आता निघून गेली, असं वाटलं. ते उठले होते. कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले आणि कोपऱ्यात पडलेला एक लांब लोखंडी चॅनल ओढायला लागले. एकट्याला तो झेपत नव्हता.

"साहेब, पलीकडचं टोक धरता का जरा? आज हाताखालचा माणूस आला नाही."

मी जाऊन धरलं. चॅनल उन्हानं तापला होता, हाताला चटका बसत होता. त्यांनी अलीकडून टेप लावला, खडूनं खूण केली, टेप परत लावला.

"हलू देऊ नका," ते म्हणाले.

त्यानंतर तासभर आमच्यात तेवढंच बोलणं झालं.